रंगाखालचा नंबर

मित्रांनो, मी एक जुना गिअरबॉक्स आहे. इंजिन तापले की सगळे बॉनेट उघडून त्याची विचारपूस करतात. माझ्याकडे बघायचे तर गाडीखाली आडवे व्हावे लागते, त्यामुळे माझ्याकडे पाहुणे कमी.

कारखान्यात माझ्या पोटात दात्यांची चक्रे बसवली. त्यांनाच गिअर म्हणतात. मग एका कामगाराने माझ्या वरच्या कडेवर हातोडीने एकेक आकडा ठोकून नंबर घातला. माझे कोणते गिअर कोणत्या मापाचे, हे त्या नंबरावरून कळते.

पहिली काही वर्षे मी एका टेम्पोत काढली. टेम्पो उलटून त्याचा चुराडा झाला, मी मात्र धडधाकट राहिलो आणि भंगारवाल्याच्या आवारात येऊन पडलो. तिथे एक मांजर माझ्यावर झोपत असे. माझी तक्रार नव्हती.

एके दिवशी फिरत्या वाचनालयाच्या गाडीचे ड्रायव्हर तिथे आले. गाडी पुरती थांबण्याआधीच घाईत रिव्हर्स टाकून त्यांनी तिच्या मूळ गिअरबॉक्सची वाट लावली होती. आजवर एकही चूक न केलेला ड्रायव्हर, असे त्यांचे नाव होते आणि ते त्यांना राखायचे होते. सुटीच्या दिवशी, कुणालाही न सांगता, त्यांनी मला त्या गाडीत बसवले. मग चंदेरी रंगाचे तीन हात दिले, नंबरासकट. लोक म्हणत, गाडीला किती जपतात! मलाही आधी तसेच वाटले होते.

पुढे ड्रायव्हर थकले आणि त्यांची मुलगी गाडी चालवू लागली. एकोणीस वस्त्यांतली मुले तिला पुस्तकताई म्हणतात. अकरा वर्षे तिने मला नीट वागवले. या वर्षी मात्र माझ्या दुसऱ्या गिअरचे तीन दाते तुटले आणि गाडी चढावर अडू लागली. वाचनालयाच्या समितीने सांगितले, शुक्रवारच्या तपासणीत गाडी चढ चढली तर ठीक, नाहीतर गाडी भंगारात आणि पुस्तकांची फेरी कायमची बंद.

सोमवारी गाडी गॅरेजात गेली. तिथल्या मिस्त्रींची पद्धत अशी, की गाडीचे कागद बघून आधी पार्ट मागवायचा आणि तो आला की मगच बॉक्स उघडायचा. मंगळवारी पार्ट आला. बॉक्स उघडून बघतात तर नव्या गिअरला एकतीस दाते, माझ्या गिअरला तेहतीस.

"दुकानदारानं चुकीचा माल पाठवलाय," मिस्त्री म्हणाले.

दुकानदार फोनवरून गरजला, "कागदावर आहे तोच पाठवलाय! तेहतीस दात्यांचे पाच-सहा प्रकार येतात. बॉक्सवरचा नंबर सांगा, उद्या संध्याकाळपर्यंत माल पाठवतो."

त्या गाडीच्या मूळ गिअरबॉक्सवर नंबर डाव्या अंगाला असतो. मिस्त्री बुधवारी दुपारपर्यंत तिथेच शोधत राहिले. मी टेबलावर गप्प पडून होतो. मला आवाज फुटतो तो फक्त बिघडल्यावर.

तेवढ्यात ड्रायव्हर काठी टेकत लेकीची चौकशी करायला आले.

"बाबा, बॉक्सवर नंबरच नाही," पुस्तकताई म्हणाली. "शुक्रवारी गाडी गेलीच समजा." तिचे डोळे भरून आले होते.

ड्रायव्हर स्टुलावर बसले. बराच वेळ काठीची मूठ चोळत राहिले. मग उठले.

"मिस्त्री, जरा पटाशी द्या."

त्यांनी माझ्या वरच्या कडेवरचा रंग खरवडायला घेतला. एकेक आकडा उघडा पडला.

"हा या गाडीचा नाहीच. मूळचा मी फोडला," ते खाली बघत म्हणाले. "चालत्या गाडीत रिव्हर्स टाकला होता."

पुस्तकताईने कमरेवर हात ठेवले. "आणि अकरा वर्षं माझ्या कानाशी भुणभुण, गाडी थांबल्याशिवाय रिव्हर्स टाकू नकोस म्हणून?"

"म्हणूनच तर."

मिस्त्रींनी हसू दाबत नंबर फोनवर वाचून दाखवला.

गुरुवारी नेमका गिअर आला, सोबत त्याच्या जोडीचाही, कारण नवे दाते झिजलेल्या दात्यांशी फार दिवस नांदत नाहीत. शुक्रवारी समितीचे तिघे मागे पुस्तकांत बसले आणि मी दुसऱ्या गिअरवर चढ चढलो. खरे सांगतो, मला बरे वाटले.

मित्रांनो, आमचे तेल वेळेवर बदला, रंगही हवा तर द्या. पण नंबर झाकू नका आणि काही बदलले तर लिहून ठेवा. पुस्तकताईने मला नवा रंग देताना नंबराची जागा मोकळी सोडली. गाडीच्या वहीत आता एक ओळ आहे: 'गिअरबॉक्स बदलला. कारण, चालकाची चूक.' खाली ड्रायव्हरांची सही आहे. थोडी वाकडी आली आहे, पण वाचता येते.