माझ्या काखेजवळची गाठ

मित्रांनो, मला डोके नाही, हात नाहीत, कमरेखाली काहीच नाही. मी एक जुनी छाती आहे, कागदाच्या लगद्याची. माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे की नाही, कोण जाणे. पण ती दुसरे कोणी सांगेल असेही वाटत नाही.

जावा बेटावरच्या क्लातेन गावात मुखवटे करणाऱ्या कारसोनोंनी मला सुईणींच्या शाळेसाठी घडवले. त्यांची बायको हसून म्हणाली, "जन्मभर राजे नि राक्षसांची तोंडं केलीत, आणि आता ही बिनडोक बाई?"

"तोंड नाही तेच बरं. निदान उलट बोलणार नाही!" ते म्हणाले.

शाळेत मला मान होता. शिकवणाऱ्या बू विगाती, म्हणजे विगातीबाई, माझ्या डाव्या स्तनावरची कातडी झाकणासारखी उचलत. आत पिवळी चरबी, तिच्यात सुपारीच्या घोसांसारख्या दुधाच्या ग्रंथी, आणि त्यांच्या नळ्या बोंडाकडे निघालेल्या. त्याखाली पंख्यासारखा पसरलेला लाल स्नायू, मग एक छोटा स्नायू, आणि तळाशी बरगड्या. बरगड्यांमधले बारीक स्नायू कारसोनोंनी चटई विणावी तसे तिरपे रंगवले होते.

"आणि ही शेपटी विसरू नका," बू विगाती माझ्या काखेकडे बोट नेत. "स्तन इथपर्यंत येतो. बायका इथे हातच लावत नाहीत."

एकदा मी टेबलावरून पडले आणि नेमकी तीच जागा फुटली. शाळेच्या सुताराने सरस आणि लाकडाचा भुसा भरून वरून रंग लावला. तिथे वाटाण्याएवढी टणक गाठ राहिली. "नंतर नीट करू," असे सगळेच म्हणाले. पुढे प्लॅस्टिकची नवी छाती आली. मला स्वयंपाकघरामागच्या ओसरीत ठेवून माझ्यावर जुने कापड टाकले.

त्या ओसरीत रोज सकाळी काढा विकणारी म्बोक पाइनेम, म्हणजे पाइनेम मावशी, टेकायची. पाठीवर काढ्याच्या बाटल्यांची टोपली, आणि ती पेलणारे कापड खांद्यावरून छातीवर करकचून बांधलेले. शाळेतल्या मुली तिला घेरायच्या.

"म्बोक, तुझा काढा पिऊन तोंड वाकडं झालं बघ!"

"होऊ दे गं. सासू ओळखायची नाही, सुटशील!"

एके दिवशी मुली वर्गात गेल्यावर तिने कापड सैल केले. काखेजवळ चाचपले आणि चेहरा उतरला. मग माझ्यावरचे कापड उचलून तिने माझ्याही त्याच जागी बोट दाबले.

"सारियेम, इकडे ये! हिलाही आहे गं!" तिने स्वयंपाकिणीला हाक मारली. "शाळेतल्या बाईलाही गाठ आहे. म्हणजे सगळ्यांनाच असते. मी उगाच घाबरले."

"मग मी काय सांगत होते? अख्खं दुकान पाठीवर बांधून फिरतेस, गाठ नाही येणार तर काय फूल येणार?"

"तरी बू विगातींना विचारू का?"

"छाती उघडून? शिकलेल्या बाईसमोर?"

दोघी हसल्या. भिंतीपलीकडे बू विगाती शिकवत होत्या, "न दुखणारी गाठही लगेच दाखवायला सांगा." ओसरीत ते मी एकटीच ऐकत होते. त्या दोघी हसत होत्या.

त्यानंतर म्बोकने कापड दुसऱ्या खांद्यावर घेतले. मग तिचा हात सुजला. शेवटी टोपली तिच्या मुलीच्या, वारसीच्या पाठीवर आली.

"आई कुठे आहे?" बू विगातींनी विचारले.

"पुरलं तिला, बू. गाठ होती. मी म्हणायचे, दाखवू या. तर म्हणायची, शाळेतल्या बाईलाही आहे, तिला कुठे काय झालंय?"

बू विगातींना आधी काही कळेना. मग त्या माझ्याकडे वळल्या. कापड काढले. त्यांचे बोट गाठीवर आले आणि तिथेच राहिले.

आता मी पुन्हा वर्गात आहे. नव्या मुली आल्या की बू विगाती प्रत्येकीला माझी गाठ चाचपायला लावतात आणि सांगतात, "हा सरस आणि भुसा आहे. हिच्या भरवशावर म्बोक पाइनेम गेली." असा मान मला नको होता.

मित्रांनो, मोडलेली वस्तू अर्धवट सांधून विसरून जाऊ नका. आणि घरात आईचा हात काखेपाशी गेला, तिचा चेहरा उतरला, तर जवळ जाऊन "काय झालं गं?" एवढे विचारा. तुम्हाला तोंड आहे.