यानाची उजवी बाजू

दिग्दर्शकाच्या जावयाने काचपेटीवरचं कापड ओढलं आणि म्हाताऱ्या सुताराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षांपूर्वी त्या गाजलेल्या अंतराळाच्या सिनेमासाठी त्याने ठोकलेलं प्लायवूडचं यान समोर दोन्ही बाजूंनी चंदेरी झळकत होतं. पाटीवर नाव एकट्या दिग्दर्शकाचं.

"लिलावात काढतोय. यान अस्सल आहे, एवढं लिहून सही द्या," जावई म्हणाला. "चहा मागवतो."

"चहा गेला खड्ड्यात. उजवी बाजू कुणी रंगवली?"

"मीच. डावीकडे झकास रंग होता, उजवीकडे नुसतं कोरं लाकूड. त्यावर कुणीतरी पेन्सिलीने गिरगटून ठेवलेलं. पॉलिश पेपरने घासघास घासलं, तेव्हा कुठे गेलं."

गाढवाला गुळाची चव काय!

"कॅमेरा डावीकडून लागायचा, म्हणून उजवी बाजू आम्ही कधी रंगवलीच नाही," म्हातारा म्हणाला. "तिथे आमची नावं होती. रंगारी, वेल्डर, लाइटवाला, मी धरून अकरा जण. तुमच्या सासऱ्याने ती पडद्यावर येऊ दिली नाहीत, म्हणून."

जावयाचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हणजे पुरावा तोच होता? आता तुमची सही तरी द्या! बाकीचे कुठे भेटतील?"

"सगळे गेले."

म्हाताऱ्याने कागद ओढला, खिशातली पेन्सिल काढली आणि एकाखाली एक दहा नावं सावकाश लिहिली. जावई अकराव्याची, म्हाताऱ्याच्या स्वतःच्या सहीची, वाट बघत राहिला.

"अकरावं तुम्ही घासलंत," म्हातारा म्हणाला आणि पेन्सिल कानावर खोचून चालता झाला.