सावळीरामचं रिवर्क

सातपूरच्या एका कारखान्यात सावळीराम अठरा वर्षं बोल्टांना झिंक प्लेटिंग करत होता. वार्षिक तपासणीत त्याच्याच रक्तात झिंक कमी आणि विषारी कॅडमियम जास्त निघालं.

"मशीन बिघडलंय तुमचं, मॅडम. मी दिवसभर झिंकमध्येच असतो," तो डॉक्टरीणबाईंना ठामपणे म्हणाला.

"आणि सिगारेटी ओढता. त्या धुरातून कॅडमियम येतं, झिंक घटतं. त्या सोडल्या नाहीत, तर तुम्हाला प्लेटिंगवरून काढावं लागेल."

झिंक कमी भरलेल्या मालाला लाल टॅग लावून, पुन्हा प्लेटिंग करायला रिवर्कच्या रॅकपाशी ठेवायचं, हा नियम सावळीरामनंच घातलेला. त्यानं शांतपणे एक टॅग स्वतःच्या खिशाला अडकवला आणि रॅकपाशी जाऊन बसला.

"किती दिवस, काका?" माल तपासणाऱ्या मंजुषानं विचारलं.

"पास होईपर्यंत," म्हणत त्यानं सिगारेटचं पाकीट भंगारात टाकलं.