कॅबिनेट कुठे ठेवणार?

धाकटीला घरात सगळे चिमी म्हणत. वडील गेल्यापासून ‘सगळे’ म्हणजे दोघीच, आई आणि ताई. आई घरीच शिवणकाम करायची, ताई दातांच्या डॉक्टरांकडे काउंटरवर बसायची. चिमी कॉलेज करून एका मोबाइलच्या दुकानात काम करायची आणि त्यातून एकाच गोष्टीसाठी साठवायची. तिला स्वतःच्या हातांनी जुळवलेला गेमिंग कॉम्प्युटर हवा होता.

“तयार मिळतो तो घे की,” ताई म्हणायची.

“तयार म्हणजे बाहेरून दिवे आणि आतून अंधार. त्यात काय भरलंय ते आपल्याला कुठे कळतं?”

तिने आठवडेच्या आठवडे वाचून एकेक भाग निवडला आणि कॉम्प्युटर जुळवणाऱ्यांच्या एका ऑनलाइन ग्रुपवर टाकून विचारलं, एवढ्या बजेटमध्ये हे बरोबर आहे का? दोघातिघांनी खिदळून घेतलं. मग ‘मिस्त्री’ नावाच्या कुणीतरी नीट उत्तर दिलं.

“तुमचा प्रोसेसर या मदरबोर्डवर बसणारच नाही, सॉकेट वेगळं आहे. रॅम तुम्ही डीडीआर फाइव्ह घेताय आणि बोर्ड डीडीआर फोरचा आहे. खाच जुळणार नाही, जोर लावलात तर बोर्ड मोडेल. बाकी निवड चांगली आहे. हसणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.”

चिमीने तपासलं. शब्दन् शब्द खरा होता. नुसत्या उत्साहात तिने सगळे पैसे पाण्यात घातले असते.

त्यानंतर दोघं रोज फोनवर निरोप पाठवून बोलू लागले. ती त्याला दादा म्हणायची, तो तिला ‘तुम्ही’ म्हणायचा. पॉवर सप्लायमध्ये काटकसर करू नका, तो गेला तर जाताना बाकीच्यांना घेऊन जातो, असं त्याने सांगितलं. नावाच्या शेवटी एफ असलेला प्रोसेसर घेतलात तर ग्राफिक्स कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही, हेही त्यानेच सांगितलं. त्याचा एकही सल्ला चुकला नाही.

मग तो प्रश्न विचारू लागला.

“कॅबिनेट कुठे ठेवणार? सगळे भाग त्या पेटीत असतात, हवा खेळती पाहिजे. खोलीचा फोटो पाठवा.”

चिमीने पाठवला.

“खिडकी गॅलरीत उघडते का? धूळ किती येते ते बघायचंय.”

“हो, गॅलरीत.”

“शेजारच्या खोलीत कोण झोपतं? पंख्यांचा आवाज होतो, त्यावरून पंखे ठरवू.”

“आई आणि ताई.”

“कॅबिनेट जड असतं. उचलायला घरात पुरुषमाणूस आहे ना कोणी?”

“आम्ही तिघीच. पण ताई दणकट आहे,” असं लिहून चिमीने हसरा चेहरा टाकला.

आई मशीनवर वाकून बाह्या जोडत होती. चिमीने कौतुकाने तिला सगळं वाचून दाखवलं. आईने पाय थांबवला.

“माणूस हुशार दिसतोय,” ती म्हणाली. “पण विचारतो फार. डॉक्टरसुद्धा एवढं विचारत नाही.”

“आई, हवेचा प्रवाह असतो त्यात. तुला नाही कळणार.”

“हवेचं नाही कळत गं मला. पण कुठेतरी पाणी मुरतंय एवढं कळतं.”

चिमी रागावून उठून गेली. ताईने दोघींची समजूत काढली, आणि समजूत काढणाऱ्याचं नेहमी होतं तसं तिचं कुणीच ऐकलं नाही.

सगळे भाग आले, फक्त ग्राफिक्स कार्ड बजेटमध्ये बसेना. मिस्त्री म्हणाला, माझ्याकडे एक वापरलेलं पडून आहे, लांबीला तुमच्या कॅबिनेटमध्ये नेमकं बसेल. किंमत त्याने इतकी कमी सांगितली की चिमीनेच दोनदा विचारलं. घरी येऊन जोडून देतो, असंही तो म्हणाला. आईने साफ नकार दिला, तेव्हा त्याने मुळीच वाईट वाटून घेतलं नाही. “बरोबर आहे त्यांचं,” त्याने लिहिलं. “पत्ता द्या, कुरियर करतो.”

खोक्यात कार्ड होतं. शिवाय विंडोज, गेम असं सगळं भरून तयार केलेली एक डिस्क आणि छोटा कॅमेरा. सोबत चिठ्ठी होती, ‘खेळताना मैत्रिणींशी बोलायला. माझ्याकडून भेट.’

डिस्क बसवली आणि कॉम्प्युटर पहिल्याच फटक्यात सुरू झाला. चिमी खोलीभर नाचली. ताईने एका शर्यतीत गाडी भिंतीवर आपटून घेतली आणि आईसुद्धा कात्री हातात धरून हसली. कॅमेरा पडद्यावर बसवलेला होता, तिघींकडे तोंड करून.

काही दिवस मजेत गेले. आईला खोकला झाला होता, पण ती डॉक्टरकडे जायचं टाळत होती. ताईने शेवटी आवाज चढवून तिला नेलं. त्या संध्याकाळी चिमी खेळायला बसली आणि मिस्त्रीचा निरोप आला.

“आईंचा खोकला कसा आहे? तुमच्या ताईंनी नेलं ते बरं केलं. कोणी ओरडल्याशिवाय आई ऐकत नाहीत.”

चिमीने सवयीने ‘बरा आहे’ असं टाइप केलं. बोट बटणावर होतं. ते तिथेच राहिलं.

तिने त्याला खोकल्याचं सांगितलं नव्हतं. तिने मागचं सगळं बोलणं वरपासून चाळलं. आईच्या तब्येतीबद्दल एक अक्षर नव्हतं.

ती वर न बघता उठली. तिला वाटलं, आपण कॅमेऱ्याकडे पाहिलं तर त्याला कळेल. स्वयंपाकघरात ताई भांडी पुसत होती. चिमीने तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. तिने हातातलं फडकं ठेवलं, सरळ खोलीत गेली आणि भिंतीतली पिन उपटली.

कॉम्प्युटर बंद झाला. चिमीचा फोन वाजला. त्याचाच निरोप.

“अशी पिन काढू नका. डिस्क खराब होते.”

दोघी बहिणी एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. बाहेर आई विचारत होती, “काय झालं गं? काय झालं?”

दुसऱ्या दिवशी चिमीच्या दुकानातल्या दुरुस्तीवाल्याने डिस्क तपासली. तिच्यात एक लपवलेला प्रोग्राम होता. घरात कॉम्प्युटर चालू असेल तोवर तो सगळं बघत आणि ऐकत होता. ताईने डिस्क आणि कॅमेरा पिशवीत घालून थेट पोलीस ठाणं गाठलं. तिथल्या पोलीस अधिकारी बाईंनी तक्रार घेतली, दोन्ही वस्तू ठेवून घेतल्या. मिस्त्रीचा नंबर एका म्हाताऱ्याच्या नावावर निघाला. त्या बिचाऱ्याला आपल्या नावाने दुसरा नंबर आहे हेच ठाऊक नव्हतं.

“पत्ता आहे त्याच्याकडे तुमचा,” बाई म्हणाल्या. “ओळखीचं असल्याशिवाय दार उघडू नका.”

आणि मग एका दुपारी आई घरी एकटीच असताना बेल वाजली.

आईने दाराच्या भोकातून पाहिलं. काळं दिसलं. आधी तिला वाटलं जिन्यातला दिवा गेला. मग लक्षात आलं, बाहेरून कुणीतरी भोकावर बोट धरलंय.

“कोण आहे?”

“पंखा बदलायला आलोय, आई.” आवाज मऊ होता, शिकल्यासवरल्या माणसाचा. “कॉम्प्युटर बंद पडलाय ना तुमच्याकडे?”

आईने वरची कडी घातली आणि होतं नव्हतं ते बळ आवाजात आणलं.

“थांबा, थोरला मुलगा झोपलाय. उठवते त्याला.”

बाहेर तो माणूस हसला. मोठ्याने नाही, घरातलं मूल काहीतरी खोटं बोललं की हसतात तसं.

“तुम्हाला मुलगा नाही, आई.”

आईने कापडाची मोठी कात्री उचलली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. दुसऱ्या हाताने तिने ताईला फोन लावला. बोलायला तोंडातून शब्द फुटेना. ताईला नुसता श्वास ऐकू आला, पण तेवढा पुरला. डॉक्टरांनी पेशंटला खुर्चीत तसंच ठेवलं आणि स्वतः गाडी काढली. ताईने वाटेतच पोलिसांना कळवलं.

ती धावत जिना चढली तेव्हा तिथे कुणी नव्हतं. उंबऱ्याशी एक खोकं होतं, सील न फोडलेलं. आत कॅबिनेटचा पंखा होता, चिमीच्या कॅबिनेटला नेमका बसेल असा.

आईने दार उघडलं तरी हातातली कात्री सोडेना. ताईने तिची बोटं एकेक करून मोकळी केली.

दोन दिवस चिमी जेवायला बसली की ताटाकडे बघत राहायची. शेवटी आईच तिच्याजवळ बसली.

“मी त्याला घर दाखवलं, आई. मीच.”

“तू पंख्यासाठी दाखवलंस. त्याने चोरवाटेसाठी बघितलं. त्याचं पाप तू का डोक्यावर घेतेस? त्याने आवळा देऊन कोहळा काढला. आता रडायचं आहे की काही करायचं आहे?”

चिमीने करायचं ठरवलं. पोलिसांना विचारून तिने ग्रुपवर सगळं लिहिलं, त्याने विचारलेल्या प्रश्नांसकट. काही जण नेहमीप्रमाणे खिदळले. मग एका अनोळखी मुलीचा निरोप आला.

“मला पण त्याने डिस्क पाठवली आहे. कॉम्प्युटर आत्ताही चालू आहे, फोनवरून लिहितेय. मी घरात एकटी आहे. तुम्हाला फोन करू?”

“नको,” चिमीने टाइप केलं. “तोंडाने काही बोलू नकोस, तो ऐकतो. बाथरूमला जातेय असं दाखवून उठ. पर्स घेऊ नकोस, फोन फक्त. बाहेर पड आणि माणसं असतील तिथे जा.”

उत्तर आलं नाही. ताई आणि आई चिमीच्या दोन्ही खांद्यांशी उभ्या होत्या. बऱ्याच वेळाने फोन थरथरला.

“मावशीकडे पोचले. गल्लीच्या तोंडाशी एक माणूस उभा होता, पाठीवर बॅग. मला बघून वाट विचारली. मी पळाले.”

तिने त्याचा चेहरा पाहिला होता. तिचं खोकं आणि चिमीचं खोकं एकाच कुरियरच्या खिडकीवर दिलेलं निघालं, आणि तिथल्या कॅमेऱ्यातला माणूस त्या मुलीने ओळखला. आठवड्याभरात तो सापडला. ऑफिसांमधून कॉम्प्युटर बसवून द्यायचं काम करायचा. बायको होती, शाळेत जाणारी लेकरं होती. शेजारी म्हणाले, इतका सभ्य माणूस, मान वर करून बघायचा नाही.

आईला ठाण्यात बोलावलं, मुली सोबत गेल्या. तिने फक्त आवाज ऐकला होता, म्हणून तिला शेजारच्या खोलीत बसवलं. भिंतीपलीकडे वेगवेगळी माणसं बोलत होती. मग एक मऊ आवाज आला, “मॅडम, जरा खुर्ची मिळेल का? कंबर धरली आहे.”

आईने चिमीचं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडीचा वळ उठला.

“हाच.”

“खात्री आहे?” बाईंनी विचारलं.

“दाराच्या एका अंगाला तो होता, दुसऱ्या अंगाला मी. आणखी कसली खात्री हवी?”

निघताना चिमीने विचारलं, “तो सुटणार नाही ना?”

बाईंनी कागद सारखे केले. “खटला चालेल. मध्ये जामीन मिळूही शकतो, खोटं कशाला सांगू? कुलूप बदललंत ना?”

“बदललं.”

“मग जा घरी. काही वाटलं तर लगेच फोन करा.”

तिघी चालत घरी आल्या. आई पुढे होती. इमारतीत शिरल्यावर ती पहिल्या पायरीशी थांबली, कठड्याला हात लावून मान वर केली आणि जिन्याच्या वळणाकडे बघत राहिली. वर कुणी नव्हतं. तरी तिने थोडा वेळ जाऊ दिला, आणि मगच मुलींना म्हणाली, “चला.”