वरच्या मजल्यावरची जागा

पक्षात त्यांना सगळे नमनकाका म्हणत. साहेब सभेला कधीच वेळेवर येत नसत, आणि ते येईपर्यंत लोकांना खुर्च्यांवर बसवून ठेवायचं काम काकांचं. नमनालाच घडाभर तेल जाळणारा माणूस म्हणून कुणीतरी चेष्टेत हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. काका बोलायचे मात्र झकास. मैदान अर्धं रिकामं असलं तरी ते पुढच्या रांगेतल्या एखाद्या म्हातारीशी गप्पा मारल्यासारखी सुरुवात करत, आणि बघता बघता मागची माणसं पुढे सरकत. मग दुरून गाड्यांचे दिवे दिसले की पक्षाचे चिटणीस मागून त्यांच्या कोटाचं टोक ओढत, आणि काका वाक्य अर्धवट सोडून खाली उतरत. एवढ्या वर्षांत त्यांनी एकही भाषण पुरं केलं नव्हतं.

पूर्वी ते विमा कचेरीत कारकून होते. तरुणपणी साहेबांनी खांद्यावर हात ठेवून बोलावलं, तेव्हा नोकरी सोडून पक्षाचे पूर्णवेळ कार्यकर्ते झाले. पक्ष चहा पाजायचा आणि प्रवासखर्च द्यायचा. घर चालवलं ते बायकोनं. तिचं शाळांचे गणवेश शिवायचं दुकान होतं. पुढे काउंटर आणि दोन मशिनं, मागे राहायच्या दोन खोल्या. जेवताना ताटाशेजारी कापडाचे कपटे असायचेच.

साहेबांनी काकांना एक शब्द दिला होता. राज्याच्या विधिमंडळाची सभागृहं दोन. खालच्यात लोकांनी निवडून दिलेले बसतात, वरच्यात पक्षांनी पाठवलेले. जाणत्या माणसांनी शांतपणे बसून कायदे तपासावेत, ही त्यामागची मूळ कल्पना. पक्षातले लोक त्याला ‘वरचा मजला’ म्हणत आणि हसत, की खाली पडलेला माणूस वर जातो असा जगातला हा एकच जिना. काकांना तिथे पाठवायचं, असं साहेबांनी चारचौघांत सांगितलं होतं. पण जागा निघाली की ती एकदा बांधकामवाल्याला मिळाली, एकदा सिनेमातल्या नटाला, एकदा साहेबांच्या मेहुणीला. दर वेळी साहेब म्हणत, पुढच्या वेळी तुम्हीच. आणि दर वेळी त्या नव्या सभासदाच्या सत्काराला पहिलं भाषण काकांचंच असे. काकांचा मेहुणा म्हणायचा, भावजी, तोंडाला पानं पुसून घ्यावीत तर तुमच्यासारखी, वर आभारही तुम्हीच मानता.

मग एक वयस्क सभासद आजारपणात गेले आणि मध्येच जागा रिकामी झाली. या वेळी चिटणीसांचा फोन आला तो काकांचं नाव नक्की झाल्याचा. काका फोन कानाला लावूनच बसले. बायकोनं त्यांच्या हातातून फोन घेतला, स्वतः चिटणीसांना पुन्हा विचारलं, उत्तर ऐकलं, फोन ठेवला आणि भर दुपारी दुकानाचं शटर ओढलं. शपथविधीसाठी तिनं राखाडी कोट शिवला. खांदे नीट बसेपर्यंत तो दोनदा उसवला.

सभागृह काकांना पहिल्याच दिवशी आवडलं. उंच छत, जाड गालिचा, पायांचा आवाज न होणारा. प्रत्येकाच्या बाकावर छोटा माइक आणि लाल दिवा. बोलायला उभं राहिलं की दिवा लागे आणि कुणी कोट ओढत नसे. बरेच सभासद सही करून उपाहारगृहात जाऊन बसत. काका मात्र बाकावर बसून विधेयकं वाचत. एक विधेयक सफाई कामगारांच्या वसाहतींचं होतं. खालच्या सभागृहात ते गोंधळातच मंजूर झालं होतं. काकांनी ते वाचलं तेव्हा त्यांना दिसलं, की कामगार वारला की त्याच्या बायकोला घर सोडावं लागेल असा त्याचा अर्थ निघतो. मुद्दाम कुणी केलं नव्हतं, घाईत शब्द सुटला होता. काका त्यावर बोलले, शांतपणे, शेवटच्या वाक्यापर्यंत. विरोधकांनीही मान डोलावली. मंत्र्यांनी दुरुस्ती मान्य केली आणि विधेयक खाली परत गेलं. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी बायकोला ते भाषण पहिल्यापासून म्हणून दाखवलं. ती काज करत ऐकत होती. बरं बोललात, म्हणाली.

हे सुख फार टिकलं नाही. साहेबांना शहराबाहेरच्या जमिनींचा एक कायदा करायचा होता, आणि वरच्या सभागृहात विरोधकांची संख्या जास्त असल्यानं तो तिथे अडकून पडला होता. साहेबांनी निराळाच उपाय काढला. वरचं सभागृहच बरखास्त करायचं. खालच्या सभागृहात ठराव झाला. पण नियमाप्रमाणे वरच्या सभागृहानंही स्वतःच्या बरखास्तीला मान्यता द्यायला हवी होती. विरोधकांतले काहीजण साहेबांनी फोडले. बेरीज कशीबशी जुळत होती. पक्षाच्या एकाही माणसानं हलून चालणार नव्हतं.

काकांना बंगल्यावर बोलावणं आलं. साहेब मागच्या व्हरांड्यात दाढी करून घेत होते. हनुवटी वर, गालांवर फेस. त्यांनी हातानंच खुर्ची दाखवली. काका शब्द जुळवत म्हणाले, की हे सभागृह कामाचं आहे, निदान आपल्याला बोलायला वेळ द्या, मग पक्ष म्हणेल तसं करू. वसाहतींच्या विधेयकाचंही त्यांनी सांगितलं. साहेबांनी न्हाव्याला थांबवलं आणि टॉवेलनं तोंड पुसलं.

“काका, ही जागा मागायला माझ्या दारात रांग होती,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. “त्यातला कुणीही बसवला असता तर खुर्चीची चव लागल्यावर ऐनवेळी फिरला असता. म्हणून तुम्हाला बसवलं. तुम्ही आजवर मला कधी नाही म्हणाला नाहीत.”

काकांना वाटलं होतं, उशिरा का होईना, दिलेला शब्द पाळला गेला. त्यांनी मान खाली घातली. साहेबांनी एखाद्या महामंडळाचं बघू असं सांगितलं आणि न्हाव्याला खूण केली. बाहेर चिटणीसांनी मतदानाचा आदेश हातात ठेवला आणि वक्त्यांच्या यादीत त्यांचं नाव नसल्याचंही सांगून टाकलं.

काका घरी आले. शाळा सुरू व्हायच्या आधीचे दिवस होते, बायको कामात बुडालेली. तिनं विचारलं, काय म्हणाले साहेब? काकांनी सांगितलं, काही विशेष नाही.

मतदानाच्या दिवशी प्रेक्षकांचा सज्जा गच्च भरला होता. चर्चा उरकली. सभापतींनी बाजूनं असलेल्यांना उभं राहायला सांगितलं. काकांच्या डावी-उजवीकडचे उठले, पुढचे उठले. मागून चिटणीसांच्या माणसानं त्यांच्या खांद्याला बोट लावलं, मग कोट धरून वर ओढला. काकांनी दोन्ही हातांनी बाक घट्ट धरला. माणसं मोजली गेली, पुन्हा मोजली गेली. मग विरोधात असलेल्यांना उठायला सांगितलं, तेव्हा ते एकदम उठले, इतके घाईनं की बाकावरचा पेला कलंडला. त्यांच्या एका मतानं ठराव पडला.

विरोधकांनी बाकं वाजवली. त्यांच्या नेत्यानं येऊन काकांना मिठी मारली आणि फोटो निघेपर्यंत सोडलं नाही. काकांना ती मिठी नकोशी झाली. यांनीही आजवर हे सभागृह उपाहारगृहातूनच चालवलं होतं.

पक्षानं त्याच संध्याकाळी त्यांना काढून टाकलं, आणि आदेश मोडला म्हणून काही आठवड्यांत सभासदत्वही गेलं. पण साहेब मुरलेले होते. जाहीर सभेत ते म्हणाले, वरचं सभागृह राहावं ही जनतेची इच्छा दिसते, आम्ही तिचा मान राखतो. मग काकांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर त्यांनी आपला जावई पाठवला. तो त्या वर्षी खालच्या निवडणुकीत आपटला होता. काकांनी जीव लावून वाचवलेलं बीळ, आणि त्यात हा आयता नागोबा. पुढच्याच अधिवेशनात विरोधकांच्या नेत्याशी साहेबांचं काहीतरी जमलं. जमिनींचा कायदा वरच्या सभागृहात एकमतानं मंजूर झाला. काकांनी ते रेडिओवर ऐकलं. बातमी सांगणाऱ्यानं दोन्ही बाजूंच्या समजूतदारपणाचं कौतुक केलं.

काकांच्या त्या मताची झळ त्यांच्या कल्पनेत नव्हती तिथे लागली. शाळांच्या संस्थांवर साहेबांचीच माणसं होती. एकेका शाळेनं गणवेशाचं काम काढून घेतलं. कुणी भांडलं नाही, कुणी तोंडावर काही बोललं नाही. यंदा दुसऱ्या कुणाला द्यायचं ठरलंय, एवढंच. कापून ठेवलेल्या कॉलरी आणि खिसे टेबलाखाली तसेच पडून राहिले. एक मशीन विकलं. हाताखालची बाई रडत गेली, तिला थांब म्हणायची सोय नव्हती.

एका दुपारी काका काउंटरमागे बसून होते. लोक हल्ली त्यांना रस्त्यात थांबवून शाबासकी देत, तसा एक गृहस्थ आत आला, त्यांचा हात दाबून म्हणाला की कणा असावा तर असा, आणि काही न शिवता निघून गेला. काका थोडे खुलले होते. बायकोनं मशीन थांबवलं.

“एक शब्द तरी सांगायचा होतात मला,” ती म्हणाली.

काका म्हणाले, तुला सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस.

“नसते म्हणाले. आधी दोन शाळांचं काम पदरात पाडून घेतलं असतं, मग जा म्हणाले असते.” तिनं पायाखालची चिंधी उचलली. “तुम्ही नाही म्हणालात त्याचं मला वाईट वाटत नाही. पण नोकरी सोडा म्हणाले होते ना ते, तेव्हा म्हणायचं होतंत. तेव्हा माझे डोळे चांगले होते.”

काकांना लोकांपुढे तासन्‌तास बोलता यायचं. इथे ते काउंटरवरची मोजपट्टी गुंडाळत बसले. ती पुन्हा दोरा ओवायला लागली. सुई खिडकीकडे धरून तिनं दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा दोरा बाजूनं गेला. काकांनी हात पुढे केला, पण तिनं सुई दिली नाही. तिसऱ्यांदा तिनं स्वतःच ओवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका सरकारी इस्पितळात गेले. तिथे चादरी आणि उशांचे अभ्रे शिवून घेतात असं त्यांच्या कानावर आलं होतं. भांडारातल्या कारकुनानं मान वर न करता नाव विचारलं, आधी काय करत होता विचारलं. काका म्हणाले, बायकोचं शिवणाचं दुकान आहे. कारकुनानं बाकाकडे बोट दाखवलं. तिथे आधीच बरेच जण बसले होते. काका शेवटच्या माणसाशेजारी टेकले.