शेवटचा फर्मा

"बाई, पण ती घरी राहते कुठे? ती तर परत जाते!"

असं म्हणणारी मुलगी आमच्या वाचनगटातली. पोरं तिला 'चौकशी खिडकी' म्हणतात, कारण तिच्या शंका कधी संपतच नाहीत. दर शनिवारी शाळा सुटल्यावर ग्रंथालयातल्या लांब टेबलाभोवती आम्ही जमतो. अकरा पोरं आणि मी ग्रंथपाल. दरवर्षी एक कादंबरी मी घेतेच घेते. जुनी, गाजलेली, एका मुलीच्या मोठं होण्याची. आई गेलेली, वडील एकटे. मुलगी दूरच्या शहरात शिकायला जाते आणि एका पहाटे परत येऊन वडिलांच्या दाराची कडी वाजवते. बस्स, संपली कादंबरी. खाली 'समाप्त'सुद्धा नाही. त्या नसलेल्या 'समाप्त'वर मी बावीस वर्षं व्याख्यान झोडत आलेय. "पोरांनो, लेखकानं दार उघडं ठेवलंय! थोरवी म्हणतात ती हीच!"

"जाते म्हणजे? नीट वाचलंस तरी का?" मी म्हटलं. "दोनशे आठव्या पानावर बघ."

"माझ्या पुस्तकात दोनशे चोवीस पानं आहेत, बाई."

कादंबरी कित्येक वर्षांत छापली गेलेली नाही, म्हणून मी सगळ्यांना माझ्या प्रतीच्या झेरॉक्स देते. या बयेनं आजीच्या पेटीतून दुसरी प्रत शोधून आणली होती. ती तिनं माझ्यापुढे सरकवली. दोनशे आठच्या पुढे सरळ दोनशे नऊ होतं. मुलगी घरी आठ दिवस राहते आणि मग वडील स्वतः तिची पेटी उचलून तिला गाडीपर्यंत सोडतात. शेवटच्या पानावर ठसठशीत अक्षरांत 'समाप्त'.

"म्हणजे बाई, थोरवी झेरॉक्सवाल्याची!" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळी पोरं खिदळली. मीही हसले. करते काय?

पण मी बाइंडरची मुलगी आहे. सोळा पानं म्हणजे एक फर्मा. मोठा कागद छापायचा, घड्या घालून त्याची सोळा पानं करायची आणि दोऱ्यानं शिवायची. फर्मा आपोआप गळून पडत नाही, त्याचा दोरा कुणीतरी कापावा लागतो.

माझी प्रत बाबांनी बांधली होती. तेव्हा मी अठरा वर्षांची होते. आईला जाऊन सहा महिने झाले होते, लांबच्या कॉलेजात मला प्रवेश मिळाला होता आणि सामानही बांधून झालं होतं. बाबांनी जन्मात कधी मला पुस्तक दिलं नव्हतं. त्या आठवड्यात मात्र नव्या कापडी बांधणीची ही कादंबरी हातात ठेवली. "वाच. चांगलं आहे." दोन दिवसांत वाचून काढली आणि बांधलेलं सामान सोडलं. "बाबा, मी जात नाही." ते म्हणाले, "बघ बाई, तुझी मर्जी."

त्यानंतर एकतीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत आले, "मी कुणाला अडवलं नाही हो. तिचीच मर्जी." आणि मी मूर्ख शेजारी उभी राहून अभिमानानं मान हलवत आले.

घरी आले तेव्हा बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, हात थरथरतात. चपलाही न काढता मी माझी प्रत त्यांच्या मांडीवर ठेवली.

"शेवटचा फर्मा कुठाय?"

त्यांनी पुठ्ठ्यावरून हात फिरवला. "जुनं पुस्तक. वाळवी लागली असेल."

"वाळवी मोजून खाते होय? बरोबर सोळा पानं?"

मग म्हणाले, "तू गेली असतीस, तर मी इथं भिंतींशी बोलत बसलो असतो."

"मग तसं सांगायचं ना! थांब म्हणाला असतात, तर थांबले असते मी!"

"थांबली असतीस. आणि जन्मभर मला ऐकवलं असतंस."

हा माणूस एकतीस वर्षं माझ्या हातचं जेवला आणि एकदाही त्याची जीभ अडखळली नाही.

"आणि ती पानं टाकून दिलीत?"

आता बाबांनाच राग आला. "छापलेलं पान टाकतो होय मी?" त्यांनी बोटानं पुठ्ठ्यावर टकटक केलं. "इथंच आहे. इतकी वर्षं तुझ्याच हातात होतं."

त्या काळी ते रद्दी कागद खळीनं एकावर एक चिकटवून घरीच पुठ्ठे करत. मी पुठ्ठे उसवले आणि कोमट पाण्याच्या टबात सोडले. तासाभरानं कागद सुटू लागले. या पुठ्ठ्यातून चार, त्या पुठ्ठ्यातून चार. आठ कागद, सोळा पानं. पलंगावर चादर अंथरून ती ओळीनं मांडली. शेवटच्या पानावर वडील मुलीला म्हणतात, 'मागे बघत बसू नकोस, गाडी चुकेल.' ते मी उभ्यानंच वाचलं. रडू आलं नाही. राग आला, इतका की हातातला टॉवेल कोरडा होता तरी पिळत राहिले.

"वाळली की आण इकडे," खुर्चीतून बाबा म्हणाले. "माझी सुई आहे कपाटात. शिवून देतो." आणि त्यांनी थरथरता हात पुढे केला.

"नको बाबा. सुटीच राहू देत."

हात थोडा वेळ तसाच राहिला, मग त्यांनी तो मांडीवर घेतला. शनिवारपर्यंत मला अकरा झेरॉक्स काढायच्या होत्या. पंख्यानं पानं उडू नयेत म्हणून मी त्यांच्या कडांवर वाट्या पालथ्या घातल्या आणि बाबांचा चहा ठेवायला उठले.