पट्टीबाई ‘मी’ म्हणायला शिकतात

धाकटीला लॅबमध्ये लागून सात महिने झाले होते. या सात महिन्यांत तिने ढीगभर नट काढले होते आणि तेवढेच परत बसवले होते, पण त्यांतल्या एकाही नटाबद्दल तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. घरात ती धाकटी मुलगी म्हणून धाकटी. लॅबमध्येही वयाने सगळ्यांत लहान, त्यामुळे ते नाव तिच्या मागोमाग तिथंही येऊन बसलं.

लॅबचं काम म्हणजे वस्तू हलवून बघणं. पंखे, हेल्मेटं, बाळांच्या गाड्या, दवाखान्यातली यंत्रं, जे येईल ते एका जाडजूड लोखंडी टेबलावर आवळून बसवायचं आणि टेबल सुरू करायचं. टेबल असं हलायचं की शेजारच्या खोलीतल्या लोकांच्या कपबशा आपोआप त्यांच्या टेबलांच्या कडेकडे चालू लागायच्या. सगळी इमारत या विभागाला ‘थरथराट’ म्हणायची.

थरथराटाच्या खऱ्या जाणकार होत्या पट्टीबाई. सत्तावीस वर्षं नोकरी, कोटाच्या वरच्या खिशात कायम स्टीलची पट्टी, आणि बोलणंही पट्टीने आखल्यासारखं. “कसं काय?” विचारलं तर “कालच्यापेक्षा थोडं बरं” असं तंतोतंत उत्तर. धाकटीला त्यांच्याकडून शिकायची फार इच्छा होती, पण त्यांच्यासमोर गेलं की तिची जीभ टाळ्याला चिकटायची.

मग वरून फर्मान निघालं. लॅबमधल्या बायकांची प्रगती व्हावी म्हणून ‘मार्गदर्शक योजना’. अनुभवी बाईने नवशिक्या बाईला हाताशी धरायचं, दर सोमवारी तासभर. प्रत्येकीने फॉर्म भरायचा, जोड्या कॉम्प्युटर लावणार. धाकटीने उड्या मारत फॉर्म भरला. ‘या पदावरील अनुभव’ अशी चौकट होती, तिथे तिने ‘७’ लिहिलं. महिने की वर्षं, हे चौकटीशेजारी बारीक अक्षरात होतं, आणि धाकटी बारीक अक्षरं वाचणाऱ्यांतली नव्हती.

पट्टीबाई मात्र फक्त बारीक अक्षरंच वाचायच्या. त्यांचं पद सहाच दिवसांपूर्वी ‘वरिष्ठ तंत्रज्ञ’वरून ‘वरिष्ठ तंत्रज्ञ, विशेष’ झालं होतं. काम तेच, खुर्ची तीच, फक्त दारावरची पाटी लांबली होती. पण विचारलं होतं ‘या पदावरील’. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं: शून्य वर्षे.

कॉम्प्युटरला सात दिसले, शून्य दिसलं. त्याने जोडी लावून टाकली.

सोमवारी साडेदहाच्या ठोक्याला पट्टीबाई धाकटीच्या टेबलाशी आल्या, स्टूल ओढून बसल्या, कोरी वही उघडली आणि पेनाचं टोपण काढलं.

“सांगा,” त्या म्हणाल्या. “पहिला धडा.”

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. काल-परवापर्यंत या बाई तिला ‘अगं’ म्हणत होत्या. “मॅडम, काहीतरी घोळ झालाय. तुम्ही मला शिकवायचंय!”

“मी फोन करून विचारलं. यादीवर सही झाली आहे, सहा महिने बदल नाही. तुम्ही मार्गदर्शक, मी विद्यार्थिनी. वेळ जातोय.”

“पण मला काहीच येत नाही!”

“तो तुमचा प्रश्न,” पट्टीबाई म्हणाल्या आणि वहीत तारीख घातली.

धाकटीने डोकं खाजवलं. शनिवारी दातांच्या डॉक्टरांकडे वाट बघताना तिने एका फाटक्या मासिकात एक लेख अर्धा वाचला होता. उरलेला अर्धा कोणीतरी फाडून नेला होता. “बायका... बायका कामाच्या ठिकाणी ‘नाही’ म्हणत नाहीत,” ती म्हणाली. “म्हणून मागे पडतात. तर या आठवड्यात तुम्ही तीन वेळा ‘नाही’ म्हणायचं.”

“तीनच?”

“तीन पुरेत.”

पट्टीबाईंनी लिहून घेतलं. खाली रेघ मारली, अर्थातच पट्टीने.

घरी आईला हे सांगितलं तेव्हा ती हसून हसून खुर्चीतच आडवी झाली. “तू शिकवणार? तुला समोर उभं केलं तरी दूध उतू जातं!”

“आई, मला झोप येत नाहीये काळजीने.”

“येईल. तू वर्गातसुद्धा झोपायचीस.”

पहिलं ‘नाही’ मंगळवारी झालं. लिफ्टमधल्या कोणीतरी दार धरून विचारलं, “मॅडम, वर जायचंय ना?” पट्टीबाई म्हणाल्या, “नाही.” दार बंद झालं. मग शब्दाला जागायचं म्हणून बाई चार मजले जिने चढून आल्या. दुसरं बुधवारी. सफाईवाल्या मावशींनी विचारलं, “टेबल पुसू?” “नाही.” मावशी खूश होऊन निघून गेल्या आणि स्वतःच्याच टेबलावरच्या धुळीकडे बघत पट्टीबाईंनी अख्खा दिवस कसाबसा काढला. हे सगळं वहीत वेळेसकट नोंदलेलं होतं.

तिसऱ्याने मात्र घोटाळा केला.

शुक्रवारी विभागप्रमुख आले. यांना सगळे पाठीमागे ‘आम्हीसाहेब’ म्हणायचे, कारण साहेबांना एकवचन माहीतच नव्हतं. ‘आम्ही शोधलं’, ‘आम्ही सुचवलं’. शोधणाऱ्या पट्टीबाई, सुचवणाऱ्याही त्याच. वर्षाच्या मोठ्या बैठकीत भाषण करणारे मात्र साहेब. भाषण पट्टीबाई लिहून द्यायच्या, चित्रंही काढून द्यायच्या. साहेबांना फक्त वाचायचं असायचं, तेही चष्मा असेल तर.

“बाई, गुरुवारच्या भाषणाचं तयार आहे ना? आम्हाला एकदा नजर टाकायचीय.”

“नाही,” पट्टीबाई म्हणाल्या.

साहेबांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. “तयार नाही?”

पट्टीबाईंनी वहीत बघितलं. चौथं ‘नाही’ धड्यात नव्हतं, आणि ‘हो’ म्हटलं तर तिसरं खोटं ठरत होतं. साहेबांचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. “ठीक आहे,” ते म्हणाले. “मग या वर्षी तुम्हीच बोला. आम्ही संचालकांना तसं कळवतो!” आणि पाय आपटत गेले. त्यांची खात्री होती, सोमवारपर्यंत बाई काकुळतीला येऊन कागद हातात ठेवतील.

धाकटी धावत आली. “मॅडम, भाषण खरंच तयार नाही?”

“मंगळवारीच झालंय.”

“मग ‘नाही’ का म्हणालात?”

“एक शिल्लक होतं,” पट्टीबाई म्हणाल्या. आणि मग हळूच खाली बसल्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. “मला माइकसमोर बोलता येत नाही हो. शाळेत एकदा बोलले होते. नाव सांगायला उभी राहिले आणि मैत्रिणीचं नाव सांगून बसले.”

धाकटीला हसू येणार होतं, पण बाईंचे हात थरथरत होते आणि टेबल तर बंद होतं. तिला एकदम अपराधी वाटलं. अर्ध्या लेखाच्या जोरावर तिने या बाईला कड्याच्या टोकाशी आणून उभं केलं होतं.

“आपण तयारी करू,” ती म्हणाली. “मला वाचून दाखवा.”

पट्टीबाईंनी कागद काढला. काम भारी होतं, हे धाकटीला आत्ता पहिल्यांदा नीट कळलं. ॲम्ब्युलन्समध्ये पेशंटच्या डोक्याशी एक मॉनिटर टांगलेला असतो. तो चालत्या गाडीत मधूनच निसटून पडत होता. सगळ्यांनी टेबलावर हलवून बघितला, पण सेकंदाला दहा हिसके, पंधरा हिसके, वीस हिसके, असा पाचापाचाच्या उड्या मारत. कुठेच पडला नाही. पट्टीबाई तीन आठवडे एकेक हिसका वाढवत बसल्या. सेकंदाला सतरा हिसके झाले आणि मॉनिटर अडकवायची खिट्टी आपली आपण उघडली. मग त्यांनी ती आडवी होती ती उभी बसवली. खर्च काही नाही, नुसता स्क्रू फिरवायचा. मॉनिटर पडायचा थांबला.

आणि हे सगळं कागदावर कसं लिहिलं होतं? ‘चाचणी करण्यात आली. दोष आढळून आला. खिट्टी फिरवण्यात आली.’

“कोणी केली चाचणी?” धाकटीने विचारलं.

“करण्यात आली.”

“अहो, पण कोणी?”

“विभागाकडून.”

“मॅडम, सकाळी चहा प्यायलात का?”

“हो. घेण्यात आला.”

धाकटीने कपाळावर हात मारला. “दुसरा धडा,” ती म्हणाली. “म्हणा, ‘मी केलं.’”

पट्टीबाईंनी तोंड उघडलं. मिटलं. दाराकडे बघितलं. “कोणी ऐकेल,” त्या कुजबुजल्या.

तेव्हा धाकटीने टेबल सुरू केलं. एवढ्या गडगडाटात कोण काय ऐकणार! पट्टीबाईंनी दोन्ही हात टेबलावर टेकले, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “मी-ई-ई-ई-ई-ई.” हातांतून थरथर चढून त्यांच्या गळ्यात गेली होती. धाकटीने खिदळत हात टेकले आणि तीही म्हणाली, “मी-ई-ई-ई!” तेवढ्यात शेजारच्या खोलीतून आपली घरंगळलेली बशी हातात धरून एक गृहस्थ भांडायला आले, दारातूनच दोन बायकांना लोखंडी टेबलासमोर बकरीसारखं ओरडताना बघितलं, आणि न भांडता मागच्या मागे परत गेले.

सोमवार गेला, मंगळवार गेला. साहेब दिवसातून चारदा दारावरून चकरा मारत होते, पण कागद काही त्यांच्या हातात आला नाही.

गुरुवारी सभागृह गच्च भरलेलं. पुढच्या रांगेत संचालकबाई, शेजारी आम्हीसाहेब, हाताची घडी घालून. धाकटी मागच्या भिंतीला पाठ लावून उभी. पट्टीबाई माइकसमोर गेल्या. आणि नुसत्याच उभ्या राहिल्या. दहा सेकंद. वीस सेकंद. धाकटीने हातातली पाण्याची बाटली उघडली.

“मी,” पट्टीबाई म्हणाल्या.

सगळे थांबून ऐकू लागले.

“मी आले आहे. मी इथे उभी आहे. मी बोलते आहे.” पाणी धरणातून सुटावं तशी गत झाली. “मी सत्तावीस वर्षं या लॅबमध्ये आहे. मी चार मजले चढले. तो वेगळा विषय आहे. तर मी मॉनिटर टेबलावर लावला. मी एकेक हिसका वाढवला. मी सतरा हिसक्यांना तो पडताना बघितला, माझ्या पायावर पडला, मी ओरडले.”

लोक हसू लागले, पण ऐकू लागले होते. बाई खिट्टी हातात घेऊन ती कशी उघडते ते दाखवू लागल्या आणि मग त्यांना माइकचाही विसर पडला. मधेच साहेब उठले. “थोडक्यात सांगायचं तर, आम्ही असं शोधून काढलं की...”

“साहेब, तुम्ही त्या महिन्यात रजेवर होता,” पट्टीबाई म्हणाल्या. रागाने नाही. वहीत नोंद असल्यासारखं. “तीन तारखेपासून सव्वीसपर्यंत.”

साहेब खाली बसले. सभागृहात जो हशा पिकला तो थांबेना. संचालकबाई मात्र हसत नव्हत्या, त्या लिहून घेत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, “हे सगळं इतकी वर्षं तुम्ही कधी बोलला नाहीत. आता कोणी शिकवलं?”

“माझ्या मार्गदर्शक तिथे उभ्या आहेत,” पट्टीबाईंनी मागे बोट केलं.

दोनशे माना वळल्या. धाकटी त्याच क्षणी पाणी पीत होती. ते तिच्या नाकातून बाहेर आलं.

महिन्याभरात दवाखान्याच्या यंत्रांसाठी वेगळा विभाग निघाला आणि तो पट्टीबाईंच्या हाती आला. आम्हीसाहेब होते तिथेच राहिले. भाषणं मात्र आता त्यांना स्वतः लिहावी लागतात, आणि ती फार लहान असतात. धाकटीकडे मार्गदर्शनासाठी सात अर्ज आले, त्यांतले पाच पन्नाशीपुढच्या बायकांचे. तिची पाचावर धारण बसली. ती थेट पट्टीबाईंच्या नव्या खोलीत गेली.

“मॅडम, माझ्याकडे तो लेख अर्धाच होता. आता मला खरंच काहीतरी यायला हवं. मला शिकवा.”

“सहा महिने व्हायचेत,” पट्टीबाई म्हणाल्या. “यादीप्रमाणे अजून मी विद्यार्थिनी आहे.”

“मग मार्गदर्शक म्हणून सांगते,” धाकटी म्हणाली. “तिसरा धडा. शिकवायला शिका. माझ्यावर सराव करा.”

पट्टीबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग मोठ्याने हसल्या. सत्तावीस वर्षांत त्या इमारतीत कोणी ऐकला नव्हता असा तो आवाज होता. त्या उठल्या, धाकटीला टेबलाशी नेलं, एका बोल्टवर तिचा अंगठा ठेवला आणि टेबल अगदी हळू सुरू केलं.

“डोळे मिट,” त्या म्हणाल्या. “नट सैल व्हायच्या आधी आपणहून सांगतो. अंगठ्याला गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं की सांग.”

धाकटीने डोळे मिटले. बराच वेळ काही झालं नाही. मग झालं.

“आत्ता!”

“अर्धा सेकंद उशीर,” पट्टीबाई म्हणाल्या. “पुन्हा.”